सात नंबरच्या घरातलं सारवण

१

सात नंबरच्या घरात नाथाजी हवालदार मरून पडले होते. दाराला आतून कडी होती, आणि ओल्या सारवलेल्या जमिनीवर कुणाचंही पाऊल उमटलेलं नव्हतं. नाथाजींचं स्वतःचंसुद्धा नाही.

मी तिथं कशाला गेलो होतो ते आधी सांगतो, म्हणजे माझ्यावर संशय नको. मी नानासो शेळके, साताऱ्यातल्या एका कार्यालयातला कारकून. लढाईत गेलेल्या आणि जायबंदी झालेल्या जवानांच्या कुटुंबांची कामं आमच्याकडे असत. त्र्याहत्तर सालच्या मार्चमधला तो मंगळवार. वडजाईच्या माळावरच्या नव्या वसाहतीतलं सात नंबरचं घर शालूबाईच्या ताब्यात द्यायचं होतं. मी सायकलवरून कागद आणि किल्ली घेऊन पोचलो, तर दारापुढं माणसं गोळा झालेली आणि केरबा खांद्यानं दार फोडत होता.

केरबा एकाहत्तरच्या लढाईत उजवा हात गमावून आलेला जवान. डाव्या खांद्याच्या तिसऱ्या धडकेला कडी तुटली आणि दार उघडलं. आत जायला मात्र कुणी पुढं होईना. नाथाजी खोलीच्या मधोमध पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू बघवत नव्हती. शेजारी लाकडी मोगरी होती आणि त्यांच्या मुठीत पितळी शिट्टी. मागच्या भिंतीला लागून एक रिकामी बादली उभी होती. बाकी सगळी जमीन नुकती सारवलेली, हिरवट, ओली, अगदी कोरी.

मी जन्माचा भित्रा. भीती वाटली की मी समोर दिसेल ते मोजत सुटतो, लहानपणापासूनची खोड आहे. भिंतींवर गेरूनं आकडे लिहिलेले होते, ते उंबऱ्यातून मान आत घालून मोजले. अकरा भरले. बारा असायला हवे होते, पण त्या वेळी माझं चित्त कुठं ठिकाणावर होतं!

तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या, शेजारच्या जनावरांच्या छावणीतल्या म्हाताऱ्या मनुबाईनं तोंडावर पदर घेतला.

"घरानंच घेतला," ती म्हणाली. "म्या म्हनत हुते, चौकटीला कोंबडं कापा. न्हाई कापलं. आता घरानं आपल्या हातानं बळी घेतला. बगा की, सारवलंय पन रांगुळीची रेघ न्हाई. मढं भाईर काडल्यावर सारवत्यात तसं."

मी धावत घराच्या मागं गेलो आणि भिंतीला हात टेकून ओकलो. मान वर केली तर हात शेणानं बरबटलेला. मागच्या भिंतीला कुणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या आणि त्या अजून ओल्याच होत्या. मी हात मातीत पुसला आणि रडू आलं तेही पुसलं. नाथाजी हवालदार, फौजेतून परतलेला आणि वसाहतीच्या जादा किल्ल्या सांभाळणारा, चांगला माणूस होता हो. मला "काय रं, सशा" म्हणायचा, पण चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही.

२

या घरांची गोष्ट जरा सांगायला हवी, कारण सगळं कोडं त्या घरांतच होतं.

पलूसचे जिनपाल मगदूम म्हणून एक गृहस्थ. साखर कारखान्यावर उसाचं चिपाड जळून जातं ते बघून यांच्या डोक्यात आलं, की चिपाड, चुना आणि माती कालवून बाभळीच्या चौकटीत दाबली तर भिंत होईल. त्या भिंतीच्या तुकड्याला ते ताटी म्हणत. एका घराला बारा ताट्या, प्रत्येकीवर गेरूनं तिचा आकडा. छपराचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर, ताट्या नुसत्या मधे बसवायच्या आणि लाकडी पाचरी ठोकून घट्ट करायच्या. खिळा एक नाही. चार माणसं दोन दिवसांत घर उभं करत, आणि नको असेल तर एका दिवसात उतरवून गाडीत घालत. "घर म्हातारं झालं की शेतात टाका, खत हुतंय," असं जिनपाल अभिमानानं सांगत.

जोडणीचा त्यांचा एकच नियम होता: आकडा आत, पाचर आत. म्हणजे बाहेरून चोराला पाचर सापडायची नाही.

बत्तीस घरं उभी राहिली. बत्तीस बायका यायच्या होत्या, कुणी भावाच्या पडवीतून, कुणी दिराच्या गोठ्यातून. पण गेल्या तीन आठवड्यांत माळावर भलतंच सुरू झालं. दिवेलागणीला रिकाम्या घरांच्या भिंतीतून ठोकल्याचे आवाज येत. कुलूप घातलेल्या सात नंबरात सकाळी टाचण्या टोचलेलं लिंबू सापडे. एकदा तर काळ्या दोऱ्यानं गुंडाळलेली बाहुली सापडली. आलेल्या पाच बाया बोचकं बांधून परत गेल्या. लढाईत मेलेले जवान भिंतीत येऊन बसलेत, असं माळावरची पोरंसोरं बोलू लागली.

वरून हुकूम आला, की शुक्रवारपर्यंत निदान एक तरी कुटुंब राहायला गेलं नाही, तर ताट्या उतरवून गोदामासाठी पाठवून द्याव्यात. त्या एका कुटुंबाचं धाडस फक्त शालूबाईनं दाखवलं होतं. तिचा नवरा धोंडिराम एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर मारला गेला. तेव्हापासून ती थोरल्या दिराच्या घरी गुरांच्या गोठ्याशेजारी राहत होती, आणि तिथं तिचे दिवस कसे जात ते तिच्या हातांकडे बघून कळत होतं. "मेलेल्या मानसांचं भ्या मला न्हाई," ती मला म्हणाली होती. "जित्यांचं हाय."

आता तिच्याच घरात मढं सापडलं होतं.

फौजदार दुपारी आले, पंचनामा झाला. पाचरी ठोकायच्या त्या मोगरीच्या दांड्यावर जिनपालांची खूण कोरलेली होती. आदल्याच दिवशी कोंबडं कापण्यावरून जिनपाल आणि नाथाजी तावातावानं भांडलेले सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि या घरांच्या जोडणीचं कोडं जिनपालांइतकं कुणाला ठाऊक? फौजदारांनी त्यांना जीपमध्ये बसवलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "माझ्या घरांनी कुनाचा जीव घेतला न्हाई, बगा."

जीप दिसेनाशी झाली, आणि सहा नंबरच्या भिंतीला टेकून बसलेली शालूबाई म्हणाली, "म्हंजे आता मला परत जावं लागनार."

३

संध्याकाळी रंगुआक्का आल्या. रंगुबाई म्हणजे आमच्या कार्यालयाच्या वतीनं बायकांची गाऱ्हाणी ऐकणारी बाई. पन्नाशीची, काळी छत्री, तोंडात मिश्री आणि नजर अशी की खोटं बोलणाऱ्याला आपणच घाम फुटावा. फौजदारांना त्या "माजं लेकरू" म्हणायच्या आणि फौजदार त्यांना टाळायचे.

त्यांनी मला जे पाहिलं ते तीनदा सांगायला लावलं. ओकलो ते मी गाळलं होतं, तेही काढून घेतलं.

"गोवऱ्या?" त्या म्हणाल्या. "सात नंबरच्या भिंतीला?"

"शेजारी दुष्काळी छावणी आहे आक्का, दोनशे जनावरं. गोवऱ्या असणारच."

"व्हय, शेन असनारच," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आधी पोलीस चौकीत जिनपालांना भेटलो. बारीक अंगाचा माणूस एका रात्रीत आणखी वाळल्यासारखा दिसत होता. सोमवारी सूर्य मावळायच्या आत ते चिंचेखाली डबा खायला बसले होते, मग एकटेच चालत हमरस्त्याला गेले. साक्षीदार कुणी नाही.

"मोगरी?" आक्कांनी विचारलं.

"आठ दिस झालं गावत न्हाई. मी बाईसाहेब मुंगी चुकवून चालतो. कोंबडं न्हाई कापू दिलं ते खरं. पन मानूस..."

"ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या भिंतींना गोवऱ्या थापल्या तर चालतंय का?"

एवढ्या दुःखातही जिनपाल चवताळले. "छे छे! वल लागली की चुना फुगतोय! एकेका बाईला हात जोडून सांगितलंय म्या, गोवऱ्या छावनीच्या कुडाला लावा. कुनी न्हाई मोडला शब्द. बत्तीस घरं बगा, एक डाग दिसायचा न्हाई!"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या हाताकडे बघितलं.

केरबा तूर्त तीन नंबरात राहायचा, वस्तीची राखण करायला. त्यानं आम्हाला आत बोलावलंच नाही, उंबऱ्यातच बसला.

"घरं कुनी कुनी उभी केली रं?" आक्कांनी विचारलं.

"नाथाजी, म्या, ज्ञानू आन् भाऊसो. ज्ञानू पंधरवडा झाला, म्हाबळेसरला कामाला गेलाय. भाऊसो म्हंजे शालूबाईचा थोरला दीर. भावजयच्या घराला आपला बी हात लागू दे म्हनून पंधरा दिस फुकट राबला. सात नंबरच्या मागल्या ताट्या त्यानंच बशिवल्या. लय गुनाचा मानूस."

"आन् सोमवारी सांजच्याला तू कुटं हुतास?"

"हितंच."

"काय ऐकलंस?"

"काय न्हाई."

आक्का छत्री मिटून त्याच्यासमोर बसल्या. नुसत्या बघत राहिल्या.

"ऐकलं," तो म्हणाला. "समदं ऐकलं, आक्का."

४

नाथाजी सोमवारी केरबाला म्हणाले होते, "आज त्या भुताची गाठ घेतो. दिवेलागणीच्या आधी सात नंबरात जाऊन आतनं कडी लावून बसतो. शिट्टी वाजली की ये."

"म्हंजे कडी नाथाजीनं सोताच लावली," आक्का म्हणाल्या.

"व्हय. मग दिवे लागले आन् ठोके सुरू झाले. ठक, ठक, ठक. भिंतीतनं. मग शिट्टी वाजली." केरबानं डोळे मिटले. "येकदाच. अर्दी. आक्का, म्या टँकाम्होरं उभा ऱ्हायलोय. हात तुटून पडला तवा बी वरडलो न्हाई. पन ती शिट्टी ऐकली आन् माजं पाय जाग्यावनं हाललं न्हाईत. म्या कडी लावून घितली. हवालदार मला हाक मारत हुता, आन् म्या कडी लावून घितली!"

तो ओक्साबोक्शी रडला. एवढा दांडगा गडी रडताना बघून मला त्या भिंतींची जास्तच भीती वाटू लागली.

इतक्यात माळावर बैलगाडी आली. भाऊसो उतरले. साठीकडे झुकलेले, पांढरंधोट धोतर, बोलणं गुळासारखं. गूळ खरोखरच घेऊन आले होते, त्यांचं गुऱ्हाळ होतं.

"लय वंगाळ झालं," ते म्हणाले. "शालूला न्यायला आलोय. आमच्या धोंड्याची बायको, तिला भुताच्या तोंडी कशी दिऊ? घ्या साहेब, गूळ घ्या."

त्यांनी ढेपेचा तुकडा डाव्या हातानं पुढं केला. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला. मला राग आला. गरीब कारकून झालो म्हणून काय डाव्या हातानं द्यायचं? मी गूळ घेतला, पण खाल्ला नाही.

"तुमी ह्या घरांवर राबलासा म्हनं," आक्का म्हणाल्या.

"म्या? येकदोन दिस आलो असंन बगायला. मला त्यातलं काय कळतंय?"

शालूबाईनं आपली ट्रंक आणून गाडीशेजारी ठेवली. सासरची शेतजमीन निम्मी तिच्या नावची आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि ती वेगळी राहायला गेली की वाटणी मागेल, हेही. एकदा ती त्या गाडीत बसली की पुन्हा या माळावर कधी दिसणार नाही, असं मला आतून वाटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

"बैलांना पानी दाखवा," आक्का भाऊसोंना म्हणाल्या. "ऊन उतरू द्या, मग निगा. नाना, तुमी माज्यासंगं चला. सात नंबरात."

५

मी नाही म्हणालो. तब्येतीचं कारण सांगितलं. आक्कांनी छत्रीचं टोक माझ्या पाठीला लावलं आणि आम्ही आत गेलो.

नाथाजींना नेलं होतं. पंचनाम्याच्या माणसांनी दारापासून मधोमधपर्यंत पावलांचा चिखल केला होता, तो आता वाळला होता. त्या वाटेच्या दोन्ही कडा आणि मागची अर्धी जमीन मात्र जशीच्या तशी होती. सारवणाचे हाताचे फराटे अर्धगोल वाळून स्पष्ट दिसत होते.

"बायकू घरात सारवती का वं तुमच्या?"

"रोज."

"सुरुवात कुटनं करती?"

मी विचार केला. "मागच्या भिंतीपासून. मग मागं सरकत सरकत दाराकडे येते. नाहीतर स्वतःच आत अडकेल."

"मग हे बगा."

मी वाकून बघितलं. फराटे उलटे होते. सुरुवात दाराजवळ, मग नाथाजींच्या दोन्ही अंगांनी, आणि तिथून मागं मागं सरकत थेट मागच्या भिंतीपर्यंत. शेवटचा हात भिंतीच्या बुडाशी फिरला होता. रिकामी बादली तिथंच होती. सारवणारं माणूस भिंतीकडे सरकत गेलं होतं आणि भिंतीपाशी संपलं होतं.

"भिंतीत गेलं," माझा आवाज मलाच ऐकू येईना. "आक्का, ते भिंतीत गेलं."

"बादलीतला शेनकाला शालूबाईनं सोमवारी कालवून ठिवला हुता, दुसऱ्या दिशी सारवायला," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाई सारवून गेली असती तर बादली संगं न्हेली असती आन् उंबऱ्याला रांगुळीची रेघ वडली असती. हे बाईचं काम न्हवं. आईला सारवताना बगितलेल्या गड्याचं हाय. आता ते तुमचं आकडं मोजा."

मी मोजले. एक, दोन, तीन... आठ, दहा, अकरा, बारा. परत मोजले. तितकेच.

"नऊ नाही," मी म्हणालो. मागच्या भिंतीची मधली ताटी कोरी होती. तिच्यावर पाचरीही दिसत नव्हत्या. बादली बरोबर तिच्याच पायाशी होती.

आक्कांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "नाना, तुमी आता हितं बसा. नाथाजी बसला तिथं. म्या भाईर जाते. तुटकी कडी सुतळीनं बांदून घ्या आतनं."

"एकटा?"

"भर दुपार हाय की वं!"

६

भर दुपार होती खरी. पण दार लावल्यावर आत दुपार राहत नाही. दोन खिडक्यांच्या गजांतून उन्हाचे पट्टे पडले होते आणि मी त्या दोन पट्ट्यांच्या मधे, जिथं माणूस मेला होता तिथं, मांडी घालून बसलो होतो. छावणीतल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी तो मोजत होतो. मग तोही थांबला.

ठक.

मी श्वास धरला.

ठक. ठक.

आवाज मागच्या भिंतीतून येत होता. मला उठायचं होतं, पण केरबाचं झालं तेच माझं झालं. पाय आपले नव्हतेच. चौथा ठोका बसला आणि ती कोरी ताटी हलली. वर प्रकाशाची एक रेघ उमटली, ती रुंदावत गेली, आणि सबंध ताटी माझ्या डोळ्यांदेखत घरातून बाहेर निघाली. त्या फटीतून एक हात आत आला.

मी किंचाळलो. चांगला मोठ्यानं किंचाळलो, ते सांगायला मला आता लाज वाटत नाही.

"आवं गप बसा, मीच हाय," रंगुआक्का म्हणाल्या. त्यांच्यामागं केरबा डाव्या हातात दुसरी मोगरी घेऊन उभा होता. या वेळी त्याचे पाय हलले होते. "भूत बगितलंसा? हे बगा भूत."

त्यांनी मला बाहेर ओढून नेलं. ताटीवरच्या बऱ्याच गोवऱ्या त्यांनी खरवडून काढल्या होत्या. खाली पाचरींच्या रिकाम्या खाचा होत्या, आणि मधोमध गेरूनं लिहिलेला नऊ.

"आकडा भाईर, पाचर भाईर," आक्का म्हणाल्या. "ताटी उलटी बशिवलीया. घर उभारतानाच. म्हंजे भाईरनं पाचर काडायची, आत जायाचं, लिंबू ठिवायचं, भाईर येऊन परत ठोकायची. ठोके ऐकून बाया पळत्यात, ते आनि बरं. पाचरी आन् आकडा झाकायला वरनं गोवऱ्या. छावनीच्या शेजारी गोवऱ्यांकडं कोन बगतंय? पन दर खेपेला त्या नव्यानं थापाव्या लागत्यात. म्हनून तुमचा हात बरबटला."

"आणि सोमवारी आत नाथाजी बसले होते."

"शिट्टी अर्दीच वाजली," केरबा खालच्या आवाजात म्हणाला.

"मग मातीत पावलं उमटली, रगात सांडलं. त्यानं समदं सारवलं आन् मागं सरत ह्या भगदाडातनं भाईर पडला. डोकं हाय गड्याला. पन बाईमानसाचं काम त्यानं नुसतं बगितलं हुतं, केलं कवाच न्हवतं." आक्कांनी उरलेल्या गोवऱ्यांपैकी एकीकडे बोट दाखवलं. "गोवरीत थापनाऱ्याचा हात उमटतो. हा कुनाचा?"

शेणात पंजा स्पष्ट उमटला होता. उजवा हात, गड्याचा, रुंद. अंगठा, पहिलं बोट, मग मधलं बोट अर्ध्यातच तुटलेलं, मग बाकीची दोन.

जिनपालांचे हात बारीक आणि सगळी बोटं शाबूत. केरबाला उजवा हातच नाही. आणि उपरण्यात गुंडाळलेला हात मला आठवला. डाव्या हातानं पुढं केलेला गूळ आठवला.

वळून बघितलं तर शालूबाई आमच्या मागं उभी होती. माझी किंकाळी ऐकून आली असावी. ती त्या गोवरीकडे एकटक बघत होती.

"वळकलंस?" आक्कांनी हळूच विचारलं.

ती वळली आणि गाडीकडे चालू लागली.

७

भाऊसोंनी बैल जुंपले होते. "बस," ते तिला म्हणाले. "ट्रंक चढीव आन् बस. लय तमाशा झाला."

आक्का पुढं झाल्या. "भाऊसो, जरा हात दावा. उजवा."

"कशापायी?"

"दावा तर."

"बाईमानसानं गड्याला हात दावायला सांगायचा? कुठली रीत ही?" ते हसले, पण उपरणं आणखी घट्ट झालं. "म्या त्या घराच्या मागं बी कवा गेलो न्हाई. शालू, बस म्हनतो न्हवं!"

शालूबाईनं ट्रंकेच्या कडीला हात घातला होता. तिनं तोंड उघडलं नाही तर काहीच टिकणार नव्हतं. शेणातला एक ठसा, तो उद्या उन्हानं तडकला असता. आणि तिनं तोंड उघडूनही हे सिद्ध झालं नाही, तर आज संध्याकाळी ती या माणसाच्या घरात असणार होती.

तिनं कडी सोडली. गेलं सव्वा वर्ष जिचं डोकं कुणी वर झालेलं बघितलं नव्हतं, तिनं पदर खांद्यावर घेतला आणि थोरल्या दिराच्या डोळ्यांत बघितलं.

"हात भाईर काडा, भावजी."

"काय म्हनलीस?"

"मागल्या सुगीला चरकात बोट गेलं तुमचं. म्या हळद भरली हुती. म्हैनाभर म्याच फडकं बदललं. ते बोट मला माज्या बोटावानी ठावं हाय. हवालदारानं माज्यासाटी जीव दिला. हात भाईर काडा."

ते हलले नाहीत. केरबा गाडीच्या मागून आला आणि एका हातानं त्यानं उपरणं ओढलं. मधलं बोट अर्ध्यातच संपत होतं. नखांच्या कडांत शेण अजून होतं.

भाऊसो चाकाशी मटकन बसले. "मला मारायचं न्हवतं," ते म्हणाले. "भ्या घालायचं हुतं. बाया पळाल्या की वसाहत मोडंल, शालू घरातच ऱ्हाईल, रान येकत्र ऱ्हाईल. येवढंच. आत कोन हाय ते मला दिसलंच न्हाई आदी. त्यानं शिट्टी तोंडाला लावली..."

"रान येकत्र ऱ्हायलं?" शालूबाईनं विचारलं.

८

फौजदारांनी गोवरी पेटीत घालून नेली. साताऱ्याच्या इतिहासात मुद्देमाल म्हणून गोवरी पहिल्यांदाच जमा झाली असेल. जिनपाल गुरुवारी सुटून आले ते तडक सात नंबरच्या मागं गेले. केरबाच्या मदतीनं त्यांनी नऊ नंबरची ताटी उतरवली, फिरवली आणि पुन्हा बसवली. आकडा आत, पाचर आत. शेवटची पाचर केरबानं ठोकली. ठोकून झाल्यावर त्यानं भिंतीला कपाळ टेकलं.

शुक्रवारी सकाळी मी कागद घेऊन गेलो. हुकमाची मुदत त्याच दिवशी संपत होती. मला वाटलं होतं शालूबाई दुसरं घर मागेल. पाच नंबर, अकरा नंबर, बत्तीस घरं होती. कुणीही मागितलं असतं.

"घरानं काय केलंय?" ती म्हणाली. "समदं मानसानं केलं. ह्येच घर."

बोचकी बांधून परत गेलेल्या पाचांपैकी चौघी माळावर आल्या होत्या. मनुबाई होती, रंगुआक्का होत्या. सगळ्या दारापासून चार हात लांब उभ्या होत्या, मीही त्यांच्यातच. शालूबाईनं शेणकाला कालवला आणि एकटी आत गेली. मागच्या भिंतीपासून तिनं सुरुवात केली. नाथाजी पडले होते त्या जागेवर आली तेव्हा हात थांबला. मग तिनं त्या जागेवरून दोनदा हात फिरवला आणि मागं सरत सरत उंबऱ्यापाशी आली. बादली बाहेर ठेवली, रांगोळीची रेघ ओढली.

आता वाळेपर्यंत थांबायचं असतं. आम्ही सगळे त्या कोऱ्या, ओल्या, हिरव्या जमिनीकडे बघत होतो. मंगळवारी बघितलेलीच ती जमीन होती. मनुबाईनं पुन्हा पदर तोंडाशी नेला. मला कळलं, की ही जमीन अशीच वाळली तर या बायकांच्या मनातून ती सकाळ कधी जाणार नाही.

शालूबाईलाही ते कळलं असावं. तिनं आमच्याकडे बघितलं, लुगडं घोट्यावर धरलं आणि ओल्या सारवणात उजवं पाऊल टाकलं.

"आगं, मोडंल की!" मनुबाई ओरडली.

"मोडू दे."

ती चुलीच्या जागेपर्यंत चालत गेली, प्रत्येक पाऊल नीट दाबून. मग वळून उभी राहिली. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पाच बोटांच्या पावलांची ओळ उमटली होती.

"ऱ्हाऊ दे आसंच," ती म्हणाली. "ह्या घरात मानूस हाय, हे दिसू दे समद्यास्नी."

मी पायातल्या वहाणा काढल्या. ताब्याच्या कागदावर तिचा अंगठा आत जाऊन घ्यावा लागणार होता. त्या वेळी मी काही मोजलं नाही.